जुन्या लिथियम बॅटरीला परतीचा भाव द्या : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

विषय : इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटऱ्यांवर परत मिळणारं डिपॉझिट लागू करण्याबाबत

महोदय,

मी नागपुरात बॅटरी विक्री-दुरुस्तीचं दुकान चालवतो. इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरच्या शिशाच्या बॅटऱ्यांपासून सुरुवात झाली, आता निम्म्याहून जास्त काम ई-रिक्षा आणि स्कूटरच्या लिथियम पॅकचं आहे. दोन्ही बॅटऱ्या मेल्यावर त्यांचं काय होतं हे मला रोज दिसतं. शिशाची बॅटरी परत येते, लिथियमची येत नाही. हे का होतं आणि ते थांबवण्यासाठी मंडळाला काय करता येईल, एवढंच या पत्रात मांडायचं आहे.

शिशाच्या बॅटरीचं आधी सांगतो, कारण उत्तर तिथेच आहे. ई-रिक्षाला बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्यांचा संच लागतो. संच निकामी झाला की रिक्षावाला दुकानात येतो आणि नवीनचा भाव विचारायच्या आधी विचारतो, "जुन्याचे किती धराल?" आम्ही जुना संच काट्यावर ठेवतो, किलोच्या दराने रक्कम काढतो आणि नवीन बिलातून वजा करतो. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकून द्यावी असा विचारही त्याच्या मनात येत नाही. ती त्याची पुंजी असते. रात्री उभ्या असलेल्या ट्रकच्या बॅटऱ्या चोरीला जातात त्याही याच कारणाने, मेलेल्या शिशालाही बाजारात गिऱ्हाईक आहे म्हणून.

हे सगळं निव्वळ बाजाराने घडवलं असंही नाही. २००१ च्या बॅटरी नियमांनी दुकानदारावर सरळ जबाबदारी टाकली होती. विकलेल्या मालाच्या प्रमाणात जुनी बॅटरी परत घ्यायची, ती देणाऱ्या ग्राहकाला योग्य सूट द्यायची आणि विक्री-परतीचा सहामाही हिशेब कंपनीला द्यायचा. शिशाच्या भावाला नियमाची जोड मिळाली आणि परतीची सवय गावोगाव रुजली. आजही तालुक्याच्या ठिकाणी बॅटरीच्या दुकानावर "जुनी द्या, नवीन घ्या" अशी पाटी दिसते.

या व्यवस्थेतही मोठी खोट आहे आणि ती मी लपवणार नाही. परत आलेल्या शिशातलं बरंचसं उघड्यावरच्या भट्ट्यांमध्ये वितळवलं जातं. अ‍ॅसिड जमिनीत मुरतं, धूर वस्तीवर जातो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात धोक्याच्या पातळीवर शिसं आहे आणि त्यातली २७ कोटींहून जास्त मुलं भारतातली आहेत. शिसं तिथवर पोचण्याच्या कारणांत बॅटऱ्यांच्या या भट्ट्या अग्रभागी आहेत. म्हणजे वस्तू परत येणं पुरेसं नाही, ती कोणाच्या हाती परत येते यालाही महत्त्व आहे. लिथियमच्या बाबतीत आपण अजून सुरुवातीला आहोत, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकदम नीट करण्याची संधी आहे.

आता लिथियमकडे येतो.

ई-रिक्षाचा ५१ व्होल्टचा लिथियम पॅक उघडला की आत साधारणपणे १६ सेल एका रांगेत जोडलेले असतात, प्रत्येक ३.२ व्होल्टचा. वर बीएमएसची पाटी, म्हणजे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट. गाडी अंतर देत नाही म्हणून जो पॅक माझ्याकडे येतो, त्यातले १६ च्या १६ सेल सहसा मेलेले नसतात. एखाद-दोन फुगलेले असतात किंवा त्यांचं व्होल्टेज भार आल्याबरोबर कोसळतं. साखळीतला एक कमजोर सेल आला की बीएमएस पूर्ण पॅक बंद करतो. बाकीचे चौदा सेल तपासले तर त्यांची क्षमता सत्तर-ऐंशी टक्के शिल्लक असते. गाडीला ती कमी पडते, पण दुकानाच्या बॅकअपला किंवा शेतावरच्या सौर दिव्यांना ती अजून काही वर्षं पुरते. त्यामुळे माझ्यालेखी पुनर्वापराची पहिली पायरी दुरुस्ती ही आहे आणि दुसरी दुसऱ्या कामाला लावणं. कारखान्यात नेऊन सेल फोडण्याची पाळी त्यानंतर यायला हवी.

पण ती पाळी येतेच. पाण्यात बुडालेला पॅक, जळालेला पॅक, सगळे सेल थकलेला पॅक. त्याचा मालकही तोच प्रश्न विचारतो, "याचे किती धराल?" आणि मला सांगावं लागतं, काही नाही.

ई-रिक्षांमध्ये आणि आता बऱ्याच स्कूटरमध्येही लोह-फॉस्फेट प्रकारचे सेल असतात, ज्यांना आम्ही एलएफपी म्हणतो. ते तापमानाला जास्त टिकतात, पेट घेण्याचा धोका तुलनेने कमी, म्हणून ते वाढत आहेत आणि ते चांगलंच आहे. पण दुसऱ्या प्रकारच्या लिथियम सेलमधले महाग धातू, कोबाल्ट आणि निकेल, त्यांच्यात नाहीत. भाव मिळेल अशी गोष्ट म्हणजे तांब्याचा पत्रा, अ‍ॅल्युमिनियम आणि थोडं लिथियम. एका किलोवॅट-तासाच्या, म्हणजे विजेचं एक युनिट साठवणाऱ्या बॅटरीत लिथियम असतं साधारण शंभर ग्रॅम. ते काढायचं तर सेल सुरक्षितपणे रिकामा करा, दळा, प्लास्टिक आणि धातूचे पत्रे वेगळे करा, उरलेली काळी भुकटी अ‍ॅसिडमध्ये विरघळवा आणि एकेक धातू क्षाररूपात बाहेर काढा. निकेल-कोबाल्टच्या बॅटरीत हा खर्च निघून येतो. लोह-फॉस्फेटमध्ये तो निघेल की नाही हे लिथियमच्या भावावर ठरतं आणि तो भाव कुणाच्याच हातात नाही. चीनच्या बाजारात लिथियम कार्बोनेट २०२२ च्या नोव्हेंबरात टनाला सहा लाख युआनच्या आसपास होतं. २०२४ मध्ये ते एक लाखाच्या खाली आलं. परदेशात भाव पडला म्हणून नागपुरातल्या मेलेल्या बॅटरीने नाल्याच्या काठी पडून राहावं, हे कोणत्याही व्यवस्थेला शोभणारं नाही.

मालकाला दुकानातून काही मिळालं नाही की पॅक कबाडीकडे जातो. तिथे काय होतं ते मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. एक पोरगा छिन्नी-हातोडी घेऊन पॅकचं झाकण उचकटतो. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पेटी एका ढिगात, जाड तांब्याच्या वायरी आणि पट्ट्या दुसऱ्या ढिगात, सर्किट तिसऱ्या. या तिन्हींना भाव आहे. सेल उरतात. कधी तेही आतल्या तांब्यासाठी फोडले जातात. सेलमध्ये चार्ज शिल्लक असेल तर छिन्नी आत शिरताच ठिणगी पडते, पांढरा धूर येतो, गोडसर उग्र वास सुटतो. आतल्या द्रवातल्या क्षाराला ओलावा लागला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, जो फुप्फुसं जाळतो. त्या पोराच्या हातावर कोपरापर्यंत काळी भुकटी असते. तो बादलीतल्या पाण्यात हात धुतो आणि ते पाणी तिथेच ओततो. न फुटलेले सेल पोत्यात भरून मागे टाकले जातात. पोतं जड झालं की त्याला पाय फुटतात आणि सेल घरगुती कचऱ्यात मिसळतात.

आमच्या भांडेवाडीच्या कचरा डेपोला उन्हाळ्यात आग लागल्याच्या बातम्या नागपूरकरांना नवीन नाहीत. त्या आगी बॅटऱ्यांमुळे लागतात असा माझा दावा नाही. पण ४५ अंशांच्या उन्हात, मिथेन सुटणाऱ्या कचऱ्याच्या डोंगरात अर्धवट चार्ज असलेले लिथियम सेल जाऊ लागले तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. कचरागाडीच्या दाबयंत्रात असा एक सेल चेपला गेला तरी पुरे.

कायदा नाही असं मुळीच नाही. केंद्राने २२ ऑगस्ट २०२२ रोजी नवे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम काढले आणि त्यात इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटऱ्या स्पष्टपणे आणल्या. जी कंपनी बॅटरी बाजारात आणते तिच्यावर ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी. बॅटरी जमिनीत पुरायला किंवा जाळायला बंदी. कारखान्याने बॅटरीतल्या साहित्यापैकी २०२४-२५ मध्ये ७० टक्के, २०२५-२६ मध्ये ८० टक्के आणि २०२६-२७ पासून ९० टक्के परत मिळवलंच पाहिजे. २०२७-२८ पासून नव्या बॅटरीत पाच टक्के साहित्य पुनर्वापरातलं असलं पाहिजे आणि २०३०-३१ पर्यंत ते वीस टक्क्यांवर न्यायचं आहे. हे नियम विचारपूर्वक केलेले आहेत. त्यांचं मी मनापासून स्वागत करतो.

या नियमांत एक दुवा मात्र सुटला आहे. कारखाना धातू काढतो, त्या वजनाची प्रमाणपत्रं त्याला मिळतात, कंपनी ती प्रमाणपत्रं विकत घेते आणि तिची जबाबदारी पूर्ण झाली असं सरकारी पोर्टलवर नोंदवलं जातं. हा पैसा कंपनी आणि कारखाना यांच्यामध्ये फिरतो. बॅटरी ज्याच्या हातात आहे तो रिक्षावाला, ती उघडणारा मिस्त्री, ती फोडणारा कबाडी, यांच्यापर्यंत त्यातला एक रुपयाही पोचेल अशी सोय नियमात कुठे नाही. २००१ मध्ये दुकानदारासाठी जसं स्वतंत्र कलम होतं, तसं २०२२ मध्ये उरलं नाही. ग्राहकाचं कर्तव्य मात्र लिहिलेलं आहे. त्याने जुनी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवावी आणि गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्या संस्थेकडे द्यावी. नागपुरातल्या कळमन्याच्या रिक्षावाल्याने ती नेमकी कुठे न्यावी, तिथवर नेण्याचं भाडं कोणी द्यावं आणि त्याने हा खटाटोप का करावा, याचं उत्तर त्याला कुणाकडूनच मिळत नाही.

प्रमाणपत्रांवर सगळी भिस्त ठेवण्यात दुसरा धोका आहे. प्लास्टिकच्या पुनर्वापरातही अशीच प्रमाणपत्रं चालतात, तिथे तो २०२३ मध्ये दिसला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत सहा लाखांच्या घरात खोटी प्रमाणपत्रं उघडकीला आली आणि त्यात आपल्या राज्यातलेही पुनर्वापर करणारे होते. कागदाची बेरीज जुळते आणि माल कुठे गेला ते कळत नाही, ही अवस्था बॅटरीत आली तर परिणाम जास्त गंभीर होतील.

यावरचा उपाय याच नियमांत एका ओळीत आहे. जबाबदारी पार पाडण्यासाठी कंपनी डिपॉझिट घेऊन ते परत देण्याची किंवा जुना माल विकत घेण्याची योजना चालवू शकते, असं तिथे लिहिलं आहे. "चालवू शकते" असं आहे. माझी मागणी एवढीच आहे की हे ऐच्छिक कलम महाराष्ट्रात सक्तीचं व्हावं.

डिपॉझिट म्हणजे काय हे लोकांना शिकवावं लागत नाही. घरोघरी गॅसच्या सिलिंडरचं डिपॉझिट भरलेलं असतं आणि म्हणून सिलिंडर भंगारात जात नाही. बॅटरीचंही तसंच व्हावं. गाडी किंवा नवा पॅक विकताना दर किलोवॅट-तासामागे ठरावीक रक्कम वेगळी घ्यायची, बिलावर वेगळी दाखवायची. ती कंपनीच्या खात्यात न ठेवता मंडळाच्या देखरेखीखालच्या स्वतंत्र खात्यात ठेवायची. पॅकवर सहज न निघणारा क्रमांक. आणि जो कोणी तो पॅक नोंदणी असलेल्या केंद्रावर आणून देईल त्याच्या खात्यात रक्कम लगेच जमा.

"जो कोणी" या शब्दांवर माझा सगळा भर आहे. ही रक्कम फक्त पहिल्या मालकाला मिळणार असेल तर योजना पहिल्याच वर्षी फसेल. ई-रिक्षा तीन हात बदलते, पॅक कबाडीकडे जातो, पहिल्या मालकाचं बिल कुठे असतं? रक्कम पॅकला चिकटलेली हवी. आणि ती पॅकमधल्या तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या भंगारभावाहून जास्त हवी, पेटी न उघडता आणलेल्या पॅकला पूर्ण आणि फोडलेल्याला निम्मी. एवढं केलं तर जो कबाडी आज छिन्नी चालवतो तोच उद्या पॅक सांभाळून टेम्पोत चढवेल. त्याला पोलिसांची भीती दाखवावी लागणार नाही. त्याला नफ्या-तोट्याचा हिशेब आपल्या सगळ्यांपेक्षा चांगला कळतो. शिशाच्या बाबतीत त्याने तो वर्षानुवर्षं दाखवून दिला आहे, आणि उद्या रस्ता नोंदणीकृत केंद्राकडेच जाणारा असेल तर उघड्यावरच्या भट्टीचा प्रश्नही लिथियममध्ये उभा राहणार नाही.

कंपन्या म्हणतील, गाड्या महागतील. डिपॉझिट ही किंमत नसते, ती परत मिळते. आणि लोकांच्या पैशाची गोष्ट काढायचीच तर फेम-२ योजनेत केंद्राने विजेवरच्या दुचाकींना बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे आधी दहा हजार, मग जून २०२१ पासून पंधरा हजार रुपये अनुदान दिलं होतं. ते जून २०२३ मध्ये पुन्हा दहा हजारांवर आणलं गेलं आणि मार्च २०२४ ला योजना संपली. म्हणजे आज रस्त्यावर असलेल्या कित्येक स्कूटरमधले पॅक करदात्याच्या पैशातून काही अंशी विकत घेतलेले आहेत, तेही बॅटरीच्या मापाने मोजून. ज्या बॅटरीला जन्माच्या वेळी मोजून पैसे दिले, तिच्या शेवटाचा हिशेब मागण्याचा हक्क जनतेला आहे.

केंद्राचा नियम बदलणं मंडळाच्या हातात नाही हे मला ठाऊक आहे. पण राज्याच्या हातात बरंच काही आहे. राज्याचं २०२५ चं इलेक्ट्रिक वाहन धोरण २०३० पर्यंत चालणार आहे, त्यासाठी १,९९३ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली आहे. खरेदीला सूट, काही महामार्गांवर टोलमाफी, चार्जिंग केंद्रांना मदत. यात एक अट घाला : ज्या कंपनीच्या गाडीला राज्याची सवलत हवी, तिच्या बॅटरीवर परतीचं डिपॉझिट असलंच पाहिजे. मंडळाने ही शिफारस पर्यावरण आणि परिवहन या दोन्ही विभागांना करावी. वाहनाची नोंदणी रद्द करताना आरटीओने बॅटरी जमा केल्याची पावती मागावी. यातलं बरंचसं राज्याला स्वतःहून सुरू करता येईल, असं मला वाटतं.

आधीच विकल्या गेलेल्या लाखो पॅकचं काय, हा प्रश्न रास्त आहे. त्यांच्यावर डिपॉझिट घेतलेलं नाही आणि ते विकणाऱ्या काही कंपन्या आता दिवे मालवून गेल्या आहेत. माझ्याकडे असे पॅक येतात ज्यांच्यावरचा टोल-फ्री क्रमांक कुणी उचलत नाही. २०२२ च्या नियमांत पर्यावरण भरपाई वसूल करण्याची तरतूद आहे. तो पैसा वेगळ्या खात्यात ठेवून गोळा न झालेल्या बॅटऱ्यांच्या संकलनावर आणि पुनर्वापरावर वापरायचा, असंही त्यात म्हटलं आहे. या बेवारस पॅकना परतीचा भाव द्यायला तोच पैसा लावता येईल का, हे मंडळाने केंद्रीय मंडळाकडे लावून धरावं.

कारखान्यांना माल नको आहे असंही नाही. केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लिथियम-आयन बॅटरीच्या भंगारावरचं आयात शुल्क माफ केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. देशाला हे धातू इतके हवे आहेत की बाहेरून भंगार आणायला सवलत दिली जाते. तोच माल आमच्या दुकानांच्या मागे पोत्यांत पडून आहे.

आता विदर्भाबद्दल थोडं, कारण मुंबईहून ते सहज दिसणार नाही. लिथियम सेलचा सगळ्यात मोठा शत्रू उष्णता आहे. चाळिशीच्या वरच्या तापमानात, त्यातही पूर्ण चार्ज करून उन्हात उभा ठेवलेला सेल लवकर म्हातारा होतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, रिक्षा दिवसभर रस्त्यावर आणि रात्री पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंगला. ज्या पॅकने थंड गावात सहा-सात वर्षं काढली असती तो इथे त्याआधीच हात टेकतो. आणि नागपुरात ही वाहनं इतरांच्या आधी आली. २०१७ च्या मे महिन्यात विजेवरच्या टॅक्सींचा देशातला पहिला मोठा प्रयोग याच शहरात सुरू झाला. ई-रिक्षा तर त्याआधीपासून सीताबर्डी ते इतवारी धावत आहेत. म्हणून जुन्या बॅटऱ्यांचा लोंढाही इथे आधी येणार. खरं तर तो आला आहे.

इथून पॅक बाहेर पाठवणंही सोपं नाही. लिथियम बॅटरी वाहतुकीच्या दृष्टीने धोकादायक मालात मोडते आणि फुगलेली, जळालेली तर आणखीच. साधा ट्रान्सपोर्टवाला ती घेत नाही, घेतली तर सांगेल तो भाव. पाच-दहा पॅकसाठी कोणताही कारखाना आपली गाडी पाठवणार नाही. त्यासाठी बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक संकलन केंद्र हवं. तिथे सेल फोडायचे नाहीत. पॅक घ्यायचे, तपासायचे, धोक्याचे वेगळे काढायचे, उरलेला चार्ज सुरक्षितपणे उतरवायचा, चांगले सेल दुसऱ्या कामासाठी बाजूला काढायचे आणि उरलेला माल ट्रक भरला की नोंदणीकृत कारखान्याकडे पाठवायचा. रेतीचे ड्रम, तापमान बघणारा कॅमेरा, हवेशीर शेड आणि प्रशिक्षित चार माणसं. मोठ्या कारखान्याच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. नागपूर, अमरावती, चंद्रपूर, गोंदिया या सगळ्यांना ते एक केंद्र पुरेल.

आमच्यासारख्या दुरुस्तीवाल्यांबद्दलही बोलायला हवं. नियमाच्या भाषेत दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणाऱ्यालाही मंडळाकडे नोंदणी करावी लागते. पण ती प्रक्रिया कारखान्यांसाठी आखलेली आहे. स्पॉट वेल्डिंगचं मशीन, सेल तपासणारं यंत्र आणि दोन कारागीर असलेलं दुकान त्या चौकटीत बसत नाही. त्यामुळे शहरातला जवळपास प्रत्येक लिथियम मिस्त्री कायद्याच्या नजरेत अस्तित्वातच नाही. त्याला बाहेर ठेवून बॅटरी परत येणार नाही, कारण मेलेला पॅक सगळ्यात आधी त्याच्याच टेबलावर येतो. आमच्यासाठी एक हलकी नोंदणी करा. आयटीआयमध्ये थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, आग विझवण्याची आणि साठवणुकीची किमान अट, दर महिन्याला किती पॅक आले आणि किती केंद्राकडे गेले याचा मोबाइलवरून हिशेब. दुकानात येऊन तपासा, चुकलं तर नोंदणी काढून घ्या. आम्हाला ते मान्य आहे.

कंपन्यांकडूनही एक गोष्ट हवी. हल्ली कित्येक पॅक आतून चिकट रसायनाने भरून बंद केलेले येतात. एक सेल बदलायचा तर सगळा पॅक फोडावा लागतो. काहींत सेल बदलला तरी बीएमएस सॉफ्टवेअरच्या कुलपामुळे सुरू होत नाही. पेटीवर सेल कोणत्या प्रकारचा आहे हेही लिहिलेलं नसतं आणि ते कळल्याशिवाय त्याचा पुनर्वापर नीट होऊ शकत नाही. सुरक्षेसाठी पॅक भक्कम हवा, २०२२ मध्ये स्कूटर पेटल्याच्या घटनांनंतर नियम कडक झाले ते योग्यच झालं. पण भक्कम आणि न उघडणारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी कायद्यात दुचाकींसारख्या हलक्या वाहनांची बॅटरी स्वतंत्र कारागिराला काढता आणि बदलता आली पाहिजे अशी अट आहे, ती फेब्रुवारी २०२७ पासून लागू होते. त्याच महिन्यापासून तिथे विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटऱ्यांची डिजिटल जन्मपत्रिकाही सक्तीची होत आहे. तिथे गाड्या विकायच्या असतील तर आपल्या कंपन्यांना हे करावंच लागेल. मग तेच इथल्या ग्राहकासाठी का करू नये?

दुसऱ्या कामाला लागलेल्या पॅकला डिपॉझिटमुळे आडकाठी होऊ नये, हेही बघावं लागेल. रिक्षातला पॅक सौर पंपाच्या दिव्यांना जोडला तर क्रमांक आणि रक्कम दोन्ही त्याच्याबरोबर जावीत, नव्या वापराची नोंद व्हावी आणि तो शेवटी थकेल तेव्हा आणणाऱ्याला पैसे मिळावेत. चौदा चांगले सेल डिपॉझिटच्या घाईत दळले गेले तर तेही नुकसानच.

हे सगळं एकदम राज्यभर होणार नाही. म्हणून माझी विनंती आहे की नागपूर शहरात येत्या उन्हाळ्याआधी एक चाचणी सुरू करावी, फक्त ई-रिक्षांच्या लिथियम पॅकपुरती. ई-रिक्षा ठरावीक भागांत फिरतात, दुरुस्तीवाले एकमेकांना ओळखतात, कबाडीही ठरलेले आहेत. मंडळाचं नागपूर प्रादेशिक कार्यालय, महानगरपालिकेचा घनकचरा विभाग आणि आरटीओ या तिघांनी एकत्र बसून परतीचा एक दर जाहीर करावा, दोन-तीन जागा ठरवाव्यात आणि काय परत येतं ते दर महिन्याला लोकांसमोर ठेवावं. किती पॅक, किती किलो, किती दुरुस्त झाले, किती कोणत्या कारखान्यात गेले. दर कमी पडला तर वाढवता येईल.

या चाचणीसाठी माझ्या दुकानातली जागा, वजनकाटा आणि सेल तपासणीचं यंत्र मी विनामूल्य द्यायला तयार आहे. ओळखीच्या इतर दुरुस्तीवाल्यांना आणि कबाड्यांना बैठकीला आणण्याची जबाबदारीही घेतो. मंडळाने तारीख कळवावी.

आपला विश्वासू,
नागपूरमधील एक बॅटरी दुरुस्ती व्यावसायिक

प्रत माहितीसाठी : पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र शासन, परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, घनकचरा व्यवस्थापन विभाग, नागपूर महानगरपालिका